हरकत क्रमांक एक्केचाळीस

सिंधूताई नान्हे बाजारात बसली की तिच्याशी भाव करायची कोणाची छाती होत नाही. बासष्ट वर्षांची बाई, अंगावर मांस नाही, पण हात म्हणजे नुसतं लोखंड. पायाखाली पावशी, म्हणजे मासे चिरायची मोठी विळी, दाबून ती चार किलोचा कतला मासा असा उभा चिरते की बघणाऱ्यानं दोन पावलं मागंच सरावं. बुधवारच्या बाजारात ती तीस वर्षांपासून बसते. कोणाच्या घरी म्हाताऱ्याला काटा चालत नाही, कोणाच्या घरी सासू गावाला गेली की मासोळी शिजते, सगळं तिला तोंडपाठ. ती विसरत नाही. हीच तिची खोड, आणि ही गोष्ट त्या खोडीचीच आहे.

या बाईनं पंचवीस वर्षं एका माणसाचं वाईट चिंतलं. खोटं कशाला बोलायचं? देवापुढं हात जोडले की लोक लेकराबाळांसाठी मागतात. सिंधूताई मागायची, "देवा, ताराचंदले मरण देऊ नोको. मेला तं फुकट सुटन. त्याले पहिले माह्या तावडीत दे." लेक लतिका ओरडायची, "माय, काहून आपलं तोंड विटाळतं वं?" तर म्हणायची, "तोंड माह्यं हाय, तुले काय त्रास?" बाजारात कोणी सहज विचारलं तरी ती उजव्या पायातली चप्पल दाखवायची. हीच त्याच्या टाळक्यात घालणार, म्हणायची. चपला झिजल्या, नव्या आल्या, त्याही झिजल्या. नेम मात्र तोच होता.

आता हा ताराचंद कोण, ते ऐका.

नागपूरला समुद्र नाही हे शाळेतलं पोरगंही सांगेल. तरी शहराबाहेर टेंभरी तलावाच्या काठावर दर्यावर्दी शिकवणारा तळ आहे. लोक त्याला 'नेव्हीचा क्यांप' म्हणतात. विदर्भातली पोरं, ज्यांनी विहिरीपलीकडं पाणी पाहिलं नाही, ती तिथं पांढरे कपडे घालून शिडाच्या नावा हाकायला शिकतात. हसू नका, त्यातली कितीतरी पोरं खरोखरच्या जहाजावर गेली. या तळावर विश्वनाथ नान्हे नावाडी होता. सिंधूताईचा नवरा. ढीवराचा पोरगा, पाण्यातच वाढलेला. सकाळी धक्क्यावर उभं राहायचं, ओठ ओले करून वाऱ्याकडं तोंड करायचं, आणि वावधान, म्हणजे वादळी वारा, येणार असं वाटलं की खांबावर लाल झेंडा चढवायचा. लाल झेंडा वर असला की एकही नाव सुटायची नाही, मग साहेब असो की साहेबाचा बाप. अठरा वर्षं त्यानं हे काम केलं. दारूला कधी शिवला नाही. लग्नाच्या वरातीतसुद्धा नाही, त्यावरून भावकीनं त्याची किती टर उडवली होती.

ताराचंद तिथला अधीक्षक. कागद, भांडार, चाव्या, सगळं त्याच्या हातात. माणूस गोड बोलायचा, दिसायलाही रुबाबदार, आणि स्वतःच्या फोटोचा मोठा शौकीन.

एकोणीसशे नव्याण्णवचा ऑगस्ट. तळावरचा जुना लाल झेंडा पावसात सडून चिंध्या झाला होता. नवा मागवा म्हणून विश्वनाथनं आठ महिन्यांत तीन अर्ज दिले. ताराचंदनं तिन्ही अर्ज टाचणी मारून ठेवून दिले. तेरा तारखेला संध्याकाळी विश्वनाथ घरी येऊन म्हणाला, "सिंधू, उद्या मोठा पाहुणा येऊन राहिला. नावा सोडा म्हणतीन. आन मले वारा खराब वाटून राहिला. झेंडाच नाही तं मी काय दाखवू?" सिंधूताईनं पेटी उघडली. तिचं लाल सुती लुगडं होतं, हिरव्या रुईफुली काठाचं, वर्षातून दोनदा नेसायचं. त्याचं एक टोक तिनं कात्रीनं टर्रकन कापलं आणि कडा शिवायला बसली. लाल दोरा अर्ध्यातच संपला. मग उरलेली कड तिनं पांढऱ्या दोऱ्यानं शिवली, घाईघाईत, वाकडीतिकडी. विश्वनाथ म्हणाला, "बाप्पा, काय झोकात झेंडा झाला!" ती म्हणाली, "माह्यं लुगडं गेलं आन तुमाले झोक सुचते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो झेंडा वर चढला. एकच सकाळ.

पाहुणे आले. धक्क्यावर फोटो निघाले. वारा वाढत होता. विश्वनाथनं हात जोडून सांगितलं की साहेब, आज नाही. ताराचंद हसला, पाहुण्यांना चहाला पाठवलं, आणि आपल्या माणसाकडून झेंडा उतरवून नाव सोडायला लावली. सहा पोरं चढली. पोरांच्या अंगात तरंगणारी जाकिटं नव्हती. का नव्हती? कारण जाकिटं कोरी करकरीत आली होती आणि पाहुण्याला दाखवायला ती प्लास्टिकसकट टेबलावर मांडून ठेवली होती! पोरांना दिली तर भिजतील, मळतील, मांडणी बिघडेल. आपल्याकडं असंच चालतं बघा. पाहुण्यांसाठी ठेवलेला कप घरच्या माणसाच्या ओठाला कधी लागत नाही.

नाव तलावाच्या मध्यावर उलटली. विश्वनाथनं उडी टाकली आणि एकेक करत पाच पोरं काढली. सहाव्यासाठी चार वेळा बुडी मारली. सहावा नाही सापडला. तो दुर्गेश, नरखेडकडचा, सतरा वर्षांचा.

विश्वनाथ काठावर थरथरत पडला होता, तेव्हा ताराचंदनं पाहुण्यासाठी आणलेली ब्रँडी त्याच्या तोंडाला लावली. "घे विश्वनाथ, औषध समज, ऊब येईल." गारठलेल्या माणसाला काय कळतंय? त्यानं दोन घोट घेतले. तासाभरात त्याच ताराचंदनं त्याला डॉक्टरपुढं उभं केलं. तोंडाला दारूचा वास येतो, कागदावर चढलं. मग चौकशी झाली. नावाडी दारू प्यालेला होता, लाल झेंडा लावलाच नव्हता, नाव त्यानंच सोडली. खाली सही ताराचंदची. झेंडा कुठं गेला, कोणास ठाऊक. तळावरची बाकीची माणसं ताराचंदची मिंधी, त्यांनी तोंडं शिवून घेतली. पोरांना विचारलं तर पोरं भेदरलेली, म्हणाली आम्ही वर पाहिलंच नाही.

तिसऱ्या दिवशी नरखेडहून दुर्गेशचा बाप आला, दादाजी. मोसंबीच्या बागेतला साधा माणूस. तो सिंधूताईच्या दारात उभा राहिला, आत पाहिलं, आणि उंबरठ्यावर थुंकला. विश्वनाथ आत भिंतीकडं तोंड करून बसला होता. त्याला दिसलं नाही, पण आवाज तर आला असेलच.

नोकरी गेली. ढीवराच्या पोरानं पुन्हा पाण्यात पाय घातला नाही. एका गोदामावर राखण करायचा. बारा वर्षांच्या लतिकाला शाळेत पोरी 'बेवड्याची पोर' म्हणायच्या. नऊ वर्षांनी विश्वनाथ गेला, आणि त्या नऊ वर्षांत तो रोज, अगदी रोज, जेवता जेवता हात थांबवून म्हणायचा, "झेंडा लावला होता मी, सिंधू." ती म्हणायची, "ठाऊक हाय जी. मीच शिवला होता." पण घरात म्हटलेलं बाहेर कोण ऐकतं?

तर असा हा हिशेब पंचवीस वर्षं पडून होता.

मागच्या नोव्हेंबरात लतिकानं पेपर आणला. लतिकाचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, त्यामुळं जगातला प्रत्येक कागद आधी तिच्या हातातून जातो. टेंभरीचा तळ पाडून नवा बांधणार होते. नवा धक्का, वसतिगृह, पोहण्याचा हौद, आणि तळाच्या इतिहासाचं दालन. नकाशे महिनाभर लोकांना बघायला खुले, ज्याची हरकत असेल त्यानं लिहून द्यावी, मग सर्वांसमक्ष सुनावणी. समिती तीन जणांची. त्यात सल्लागार म्हणून निवृत्त अधीक्षक ताराचंद साहेब.

"जिवंत हाय?" सिंधूताईनं विचारलं.

"हाय माय. फोटो बी हाय पेपरात."

"देव पावला," सिंधूताई म्हणाली आणि चप्पल पायात सरकवली.

दोघी तळावर गेल्या. जुन्या सभागृहात भिंतीला फळ्या लावल्या होत्या, त्यांवर नकाशे. लतिका वाचत वाचत इतिहासाच्या दालनाच्या फळीपाशी आली आणि थबकली. नव्या दालनाच्या भिंतीवर जो मजकूर दगडात कोरायचा होता तो तिथं छापला होता. त्यात एक ओळ: '१९९९ साली एका नावाड्याच्या मद्यधुंद बेफिकिरीमुळे तळाच्या उज्ज्वल परंपरेला गालबोट लागले.' लतिकाचा चेहरा लाल झाला. तिनं कागद फाडायला हातच घातला होता. सिंधूताईनं तिचं मनगट धरलं. ती ओळीकडं बघतच नव्हती. ती बाजूच्या एका फोटोकडं बघत होती. पोस्टकार्डाएवढा फोटो. मध्ये हार घातलेला पाहुणा, शेजारी पांढऱ्या सफारीत ताराचंद, मागं पोरांची रांग, एका कडेला टेबल. आणि वरच्या कोपऱ्यात खांब. खांबावर काहीतरी लाल.

"लते, ह्या कोपऱ्यात पिवळं पिवळं काय लिहिलं हाय पाह्य बरं."

"तारीख हाय. कॅमेऱ्यातली. नव्याण्णव, आठ, चौदा." मग लतिकालाही दिसलं. "माय वं!"

"चूप बस," सिंधूताई म्हणाली. फोटो ताराचंदनंच स्वतःच्या अल्बममधून काढून दिला होता. पंचवीस वर्षं त्यानं तो जपला, शंभरदा पाहिला असेल, आणि शंभरही वेळा फक्त आपलं तोंड पाहिलं. हौशी माणसाचं असंच असतं.

लतिकानं मोबाइलवर फोटो काढला. पण एवढ्याशा फोटोचा फोटो, लाल ठिपका नुसता. ती म्हणाली, "पेपरवाल्यांले देऊ."

"आन तो म्हणन का खोटा हाय, कॉम्प्युटरवर केला. नाही. मले त्याच्याच तोंडून पायजे. आन मोठा पायजे, टाका दिसला पायजे." तिनं टेबलावरची सूचनावही ओढली. "लिही. साहेबांचा फोटो लय सुंदर हाय, पण लहान हाय. म्हाताऱ्या मानसांले दिसत नाही. एवढ्या मोठ्या मानसाचा फोटो दारायेवढा पायजे."

लतिका बघतच राहिली. मग हसू दाबत लिहिलं. खाली नाव घातलं, 'एक नागरिक'.

दुसऱ्या आठवड्यात लतिका एकटी गेली आणि दुसऱ्या अक्षरात लिहून आली की अशी छायाचित्रं नव्या पिढीला प्रेरणा देतात. हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं तर एका फांदीवर थांबून कसं चालेल? तिसऱ्या आठवड्यात सिंधूताई गेली तर काय, खरंच दाराएवढा फोटो! स्वच्छ, झळझळीत, खाली पितळी अक्षरात ताराचंदचं नाव. ती समोर उभी राहिली. खांबावर तिचं लुगडं उडत होतं. हिरवी रुईफुलं मोजता येत होती. आणि खालच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचे टाके, वाकडेतिकडे, तिच्या हातचे. त्या महिन्यात ती सहा वेळा तो झेंडा बघून आली. दरवेळी वाटायचं, आज काढून टाकला असेल. त्याच्या लक्षात आलं तर संपलं. रात्री झोप नाही, बाजारात लक्ष नाही. एकदा तर गिऱ्हाइकाला तिनं वाघूर मासोळी म्हणून मरळ दिली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

हरकत लतिकानं टाइप केली. दालनात कोरायची ओळ खोटी आहे, एवढंच. सोबत माहितीच्या अधिकारात काढलेली जुन्या चौकशीची प्रत. क्रमांक मिळाला एक्केचाळीस.

सुनावणी डिसेंबरात झाली, त्याच सभागृहात. मंचावर तीन खुर्च्या. मध्ये अध्यक्षबाई, चष्म्याची, कडक. एका बाजूला कोणी अभियंता, दुसऱ्या बाजूला ताराचंद. केस पिकलेले, तरी सफारी पांढरीच. नियम असा होता की प्रत्येक हरकत ऐकायची, कारकुनानं कार्यवृत्त लिहायचं आणि तिघांनी लगेच त्याखाली सही करायची. सकाळपासून चाळीस हरकती झाल्या. चाळिसावी दादाजीची. ऐंशी वर्षांचा म्हातारा काठी टेकत उठला. तलावाच्या काठी पोराच्या नावाचा लहानसा दगड आहे, दर चौदा ऑगस्टला तो येऊन तिथं एक मोसंबं ठेवतो. नव्या नकाशात तिथं गाड्या उभ्या करायची जागा होती. "दगड ठेवा, एवढंच," तो म्हणाला आणि बसला. ताराचंदनं मान हलवून मोठ्या दुःखाचा चेहरा केला आणि सही ठोकली.

"एक्केचाळीस. सिंधूताई विश्वनाथ नान्हे."

दादाजीनं मान वर केली. ताराचंदचं पेनही थांबलं, पण क्षणभरच. मासोळीवाली बाई, काय करणार?

"तीन मिनिटं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"लय झाले बाईसाहेब. पहिले साहेबांले एक विचारायचं हाय. हा मोठा फोटो कवाचा जी?"

ताराचंदची कळी खुलली. त्याला वाटलं, बाई नवऱ्यावरून रडगाणं गाणार, तिनं तर फोटोचाच विषय काढला. "चौदा ऑगस्ट नव्याण्णव. सकाळी साडेआठ. तारीख कोपऱ्यात आहेच."

"त्या दिवशीचाच? पक्कं?"

"अहो, मी उभा आहे ना त्यात!"

"आन ह्या टेबलावर केशरी केशरी काय मांडलं हाय?"

"जाकिटं. कोरी. सगळी मांडणी माझी."

"छान दिसतात," सिंधूताई म्हणाली. "पोरांच्या आंगात नाही दिसत पण."

सभागृहात कुजबूज झाली. ताराचंद बोलायला गेला, पण तिनं बोट आधीच वर नेलं होतं. "आन खांबावर काय हाय जी?"

त्यानं मान वळवली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्या फोटोत स्वतःला सोडून दुसरीकडं पाहिलं. त्याचा रंग असा उतरला म्हणता! पण गडी मुरलेला. "ती पताका आहे. पाहुण्यांच्या स्वागताची. त्या दिवशी बऱ्याच लावल्या होत्या."

सिंधूताई याचीच वाट बघत होती. तिनं पिशवीतून लुगडं काढलं. लाल, हिरव्या रुईफुली काठाचं, एका टोकाला वाकडं कापलेलं. लतिकानं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी ते फोटोशेजारी ताणून धरलं. "बाईसाहेब, माह्यं लुगडं. ह्याचा तुकडा तुमच्या साहेबाच्या पताकीत कसा गेला? मी शिवला, तेरा तारखेले संध्याकाळी. तीन अर्ज देऊन बी ह्यानं झेंडा दिला नाही म्हणून शिवला. लाल दोरा संपला, मंग पांढरा घातला. पाह्या, टाके दिसतात का नाही. ह्या एका सकाळपायी माह्या माणसानं नऊ वर्षं अन्न गोड मानलं नाही."

अध्यक्षबाई उठल्या, मंचावरून खाली आल्या, चष्मा पुसून फोटोला नाक लावलं. मग कापडाला. मग परत फोटोला. त्या वळल्या. "ताराचंदजी, अहवालात लिहिलंय, त्या दिवशी लाल झेंडा लावलाच नव्हता. खाली तुमची सही आहे."

"इतकी जुनी गोष्ट मॅडम... आणि तो प्यालेला होता, डॉक्टरांनी..."

"पाजली कोणं?" सिंधूताई कडाडली. "कुडकुडणाऱ्या मानसाच्या तोंडाले ब्रँडी लावली कोणं? त्याचा पुरावा माह्यापाशी नाही, मी खोटं नाही बोलत. पण झेंड्याचं ह्यानं खोटं लिहिलं, हे तं भिंतीवर टांगलं हाय. ह्यानंच टांगलं! आता ह्याच्या बाकीच्या बोलण्यावर कोणाले भरोसा ठेवायचा असन तं ठेवा बाप्पा."

काय सांगू, त्या क्षणी तिला काय गोड वाटलं! ताराचंद खुर्चीत आक्रसत होता आणि ती डोळे भरून बघत होती. चप्पल पायातच राहिली होती, तिची आठवणही झाली नाही.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. दादाजी उठला होता. तो हळूहळू पुढं आला, मंचाच्या अगदी जवळ, आणि खाली वाकून पायातली चप्पल काढू लागला. ताराचंद किंचाळला, "अहो, धरा त्याला!" आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून टेबलाखाली गेला. पांढरी सफारी, बाहेर नुसती पाठ. कोणी हसलं नाही.

दादाजीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. दोन्ही चपला काढून नीट बाजूला ठेवल्या आणि देवळात जावं तसा अनवाणी फोटोपुढं गेला. पोरांच्या रांगेत डावीकडून तिसरं पोरगं. डोळे मिचकावून हसणारं, उन्हानं की आनंदानं कोण जाणे. म्हाताऱ्यानं त्याच्या गालावर तळवा ठेवला. "हा माहा दुर्गेश," तो म्हणाला. "हा फोटो मले कोणी दाखवलाच नाही."

सिंधूताई त्या पोराकडं बघू लागली. सहा वेळा ती या फोटोपुढं उभी राहिली होती. झेंडा पाहिला, टाके पाहिले, ताराचंदचं तोंड पाहिलं. मागच्या पोरांकडं तिनंसुद्धा एकदाही नीट पाहिलं नव्हतं. त्यातलं एक त्या दिवशी परत आलं नाही, हे ठाऊक असूनही. सुडापायी तिनं या पोराला दाराएवढं मोठं करून त्याच्या बापापुढं उभं केलं होतं. तिला बापाची आठवणही झाली नव्हती. लुगडं धरलेला तिचा हात खाली आला.

"झेंडा वर होता?" दादाजीनं पाठमोरंच विचारलं.

"होता जी."

"आन तुह्या माणसानं..."

"थेंब नव्हता घेतला. पाच पोरं काढले. तुमच्या पोरासाठी चार बुड्या मारल्या, मंग त्याचा दम गेला."

म्हातारा सिंधूताईकडं वळला. मग म्हणाला, "मी तुह्या उंबरठ्यावर थुकलो होतो."

"ठाऊक हाय," सिंधूताई म्हणाली. "मीच पुसलं होतं."

माफ केलं असं तिनं म्हटलं नाही आणि त्यानंही मागितलं नाही.

अध्यक्षबाई आपल्या जागी जाऊन बसल्या. ती ओळ दालनातून काढावी आणि जुन्या चौकशीची फेरतपासणी व्हावी, असं त्यांनी सांगितलं. कारकून गोंधळलेला. "मॅडम, एक्केचाळीसच्या कार्यवृत्तात नेमकं काय लिहू?"

त्यांनी सिंधूताईकडं पाहिलं. "बाई, तुम्हीच सांगा."

सिंधूताईनं कारकुनाकडं पाहिलं. पंचवीस वर्षं ती या माणसाला देण्यासाठी शिव्या जमवत होती. आता तोंडात एकही नव्हती. "लिही," ती म्हणाली. "विश्वनाथ नान्हेनं झेंडा लावला होता."

कारकुनानं लिहिलं. अध्यक्षबाईंनी सही केली, अभियंत्यानं केली. ताराचंद टेबलाखालून निघून खुर्चीवर बसला होता, केस विस्कटलेले. "मी हे नंतर वाचून..." तो पुटपुटला.

"नियम तुम्हाला माहीत आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "खरं वाटत नसेल तर तसं इथंच लिहा. सगळ्यांसमोर."

त्यानं सभागृहाकडं पाहिलं. सगळे त्याच्याकडंच बघत होते. सिंधूताई मंचाच्या दोन पायऱ्या चढून त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली, मासोळीचा वास येणारे हात कमरेवर ठेवून.

"करा जी सही," ती म्हणाली. "मांगच्या खेपेले तं पटकन केली होती."

त्यानं सही केली. पहिलं अक्षर नीट आलं, पुढची वाकडीतिकडी झाली. शेवटचं अक्षर कागदावर उतरेपर्यंत सिंधूताईनं नजर हलवली नाही. मग ती पायऱ्या उतरली, लतिकाच्या हातातून लुगडं घेतलं, आणि कापलेलं टोक आत येईल अशी त्याची घडी घातली.